होडीतील गादी

अंधेरीच्या पश्चिमेला वेसावे गाव आहे. नकाशात त्याचे नाव वर्सोवा असे दिसते. तेथे कोळी लोकांची जुनी वस्ती आहे. किनाऱ्यावर रंगीत होड्या उभ्या असतात. खाडीपलीकडे मढला जाणारी बोटही तेथूनच सुटते. तुमच्यापैकी काहींनी त्या बोटीतून प्रवास केला असेल.

मासेमारीच्या मोठ्या होडीत माणसे कशी राहतात, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का? अशी होडी कित्येक दिवस समुद्रात असते. तांडेल आणि खलाशी पाळीपाळीने झोपतात. झोपायची जागा अरुंद असते. इंजिन धडधडत असते. ज्याची झोप झाली नाही, त्याचे जाळे ओढताना लक्ष चुकते आणि एका क्षणाची चूक जिवावर बेतते. म्हणून होडीतील गादी ही चैनीची वस्तू नाही.

पूर्वी पिंजारी कापूस पिंजून गाद्या भरत. काथ्याच्या गाद्याही असत. पण कापूस पाणी पितो. भिजलेली गादी जड होते आणि तिच्यात गोळे होतात. आता तिची जागा बहुधा फोमने घेतली आहे.

आपल्या गादीतील फोम पॉलियुरेथेन नावाच्या पदार्थाचा असतो. 1937 साली जर्मनीत ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पदार्थाचा शोध लावला. पावाचे पीठ जसे वायूच्या बुडबुड्यांमुळे फुगते, तसा फोमही फुगतो. त्यात लाखो लहान कप्पे तयार होतात.

हे कप्पे दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात ते एकमेकांना जोडलेले असतात. हा फोम मऊ असतो. त्यातून हवा खेळते, पण पाणीही शिरते. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक कप्पा बंद असतो. त्यात पाणी जवळजवळ शिरत नाही आणि तो तरंगतो. म्हणूनच तो जीवरक्षक जाकिटात भरतात. मात्र तो कडक असतो. त्यामुळे उघड्यावरच्या, लाटांचे पाणी उडणाऱ्या बाकासाठी बंद कप्प्यांचा फोम चांगला. छताखालच्या झोपण्याच्या जागेसाठी मऊ फोम चांगला.

मऊ फोम घेताना त्याची घनता विचारा. ती तुम्हालाही मोजता येईल. दहा सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच असा तुकडा घ्या. त्याचे वजन जितके ग्रॅम, तितके किलोग्रॅम एका घनमीटर फोमचे वजन असते. तुकडा 32 ग्रॅम भरला, तर घनता 32. घनता कमी असलेला फोम स्वस्त मिळतो, पण लवकर बसतो. येथे एक सावधगिरी हवी. कधी कधी वजन वाढवण्यासाठी फोममध्ये खडूसारखी भुकटी मिसळलेली असते. म्हणून तुकडा दाबून सोडा. तो लगेच उसळून पूर्ववत झाला पाहिजे.

घनता आणि कडकपणा या एकच गोष्टी नाहीत, हेही लक्षात ठेवा. घनतेवरून टिकाऊपणाचा अंदाज येतो. कडकपणावरून बसताना कसे वाटेल ते कळते. आपण झोपतो तेव्हा वजन सर्व अंगावर पसरते. बसतो तेव्हा ते थोड्या जागेवर येते. म्हणून बैठकीचा फोम झोपण्याच्या गादीपेक्षा कडक घ्यावा. बसल्यावर खालची फळी टोचू लागली, तर तो फोम पातळ किंवा फार मऊ आहे असे समजावे.

समुद्राच्या पाण्याचा धोका वेगळाच आहे. पाणी सुकले तरी मीठ फोममध्येच राहते. मुंबईच्या पावसाळी हवेत तेच मीठ पुन्हा ओल शोषून घेते. गादी सतत दमट राहते व बुरशी धरते. यावर उपाय सोपे आहेत. भिजलेला फोम गोड्या पाण्याने धुवावा, पिळू नये, दाबून पाणी काढावे आणि सावलीत उभा ठेवून सुकवावा. गादीखालच्या फळीला भोके पाडावीत, म्हणजे खालून वारा लागतो. खोळीला चेन लावावी, म्हणजे ती काढून धुता येते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आगीची. फोम भराभर पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. होडीत स्टोव्ह असतो, इंजिन तापलेले असते आणि पळून जायला जागा नसते. म्हणून गादी या दोन्हींपासून दूर ठेवावी आणि आग सहज न धरणारा फोम मागावा. तो थोडा महाग पडतो. पण माणसाच्या जिवापुढे त्या पैशांचे काय मोल?

जून-जुलैमध्ये मासेमारीला बंदी असते. होड्यांच्या डागडुजीचे ते दिवस. तांडेल जाळी तपासतो, इंजिन उघडून पाहतो. त्याच वेळी गादीही तपासली, तर येत्या हंगामात खलाशी सुखाने झोपतील आणि सावध जागतील.

शब्दार्थ
तांडेल – होडीचा प्रमुख
खलाशी – होडीवर काम करणारा माणूस
काथ्या – नारळाच्या सोडणाचे तंतू
खोळ – गादीवरचे आवरण
डागडुजी – दुरुस्ती

स्वाध्याय
1. होडीतील गादी ही चैनीची वस्तू का नाही?
2. बैठकीसाठी कडक फोम का घ्यावा?
3. 20 सेंटिमीटर लांब, 10 सेंटिमीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच तुकड्याचे वजन 56 ग्रॅम आहे. त्याची घनता काढा.
4. तुमच्या घरातील गादी कशाची आहे, ते पाच वाक्यांत लिहा.