जिमच्या लोखंडात असं काय असतं?

प्रश्न : माझं वय ४८. सोलापुरात दोन खोल्यांचं घर आहे. दिवसभर घरचं काम, त्यात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. जिमची फी परवडायची नाही, आणि परवडली तरी जायला सवड नाही. आमचे आजोबा तालमीत नुसत्या जोर-बैठका मारून ठणठणीत होते. आजीला कधी व्यायाम करताना पाहिलं नाही, तरी सत्तरीतही ती भरलेली घागर कमरेवर घेऊन चालायची. काही साधनं नसताना, घरातल्या घरात शरीर खरोखर मजबूत राहतं का? की जिमच्या लोखंडात काही वेगळं असतं?

उत्तर : लोखंडात वेगळं काही नसतं. समोर डंबेल आहे, गव्हाची पिशवी आहे की स्वतःच्याच देहाचं वजन आहे, हे स्नायूला समजत नाही. त्याला समजतो तो फक्त ताण. प्रत्येक स्नायू असंख्य तंतूंचा बनलेला असतो. चहाचा कप उचलायचा तर मेंदू त्यातल्या थोड्याच तंतूंना कामाला लावतो, बाकीचे स्वस्थ असतात. काम जड असलं की जवळजवळ सगळे लागतात. पण हलकं कामसुद्धा दमेपर्यंत करत राहिलं, तर आधीचे तंतू थकतात आणि स्वस्थ बसलेल्यांनाही उठावं लागतं. स्नायू बळकट व्हायला सुरुवात होते ती तिथे.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात हे तरुणांच्या मांड्यांवर तपासलं गेलं आणि २०१२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जास्तीत जास्त जेवढं वजन एकदा उचलता येतं, त्याच्या ८० टक्के वजन काही पायांना दिलं, तर काहींना फक्त ३० टक्के. अट दोन्हीकडे एकच होती, पाय पुरता दमेपर्यंत थांबायचं नाही. दहा आठवड्यांनी दोन्हीकडचे स्नायू जवळपास सारखेच वाढलेले आढळले. एका दमात जास्तीत जास्त वजन उचलण्याची ताकद मात्र जड वजनाने अधिक वाढली. म्हणजे ज्यांना स्पर्धेत वजनं उचलायची आहेत त्यांना लोखंड हवंच. तुम्हाला हवी आहे ती सासूबाईंना पलंगावर उठवून बसवण्याची ताकद, आणि ती कमावायला घर पुरेसं आहे.

मग लोक जिमच्या फीचे पैसे कशाचे मोजतात? मला विचाराल तर दोन गोष्टींचे. एक, तिथे भार थोडाथोडा वाढवता येतो. दुसरी, तिथे ओढायची सोय असते. या दोन्ही गोष्टी घरी नीट जमवल्या नाहीत तर घरचा व्यायाम दोन महिन्यांत लुळा पडतो. रोज तेच वीस जोर वर्षभर मारले तर शरीर त्यांना सरावतं आणि पुढे काही घडत नाही.

भार वाढवणं सोपं आहे. जोर आधी भिंतीला हात टेकून मारा. ते सहज व्हायला लागले की ओट्याच्या कडेला, मग पलंगाच्या कडेला, मग जमिनीवर. हात जसजसे खाली जातात तसतसा देहाचा अधिक भार त्यांच्यावर येतो. जमिनीवरच्या जोरात आपल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग हातांवर असतो. ६० किलोच्या बाईसाठी हे चाळीस किलो झालं. बैठकांचंही तसंच. खुर्चीवर बसायचं आणि हात न टेकता उठायचं. पुढे बसताना मनात तीन मोजत हळू उतरायचं. मग खुर्चीऐवजी बुटकं स्टूल, मग छातीशी पाच किलो पिठाची पिशवी. किती करायच्या याला ठरावीक आकडा नाही. आणखी दोनतीनच निघतील असं वाटलं की थांबायचं. आठवड्यात दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, एवढं केलंत तरी पुष्कळ झालं.

आता आजीच्या घागरीकडे येते, कारण तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला धागा तो आहे. पाणी भरणाऱ्या बायकांना विहिरीवर पाणी शेंदावं लागे. रहाटावरून सोडलेला दोर हातावर हात टाकत खेचायचा. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो, वर भांड्याचं नि ओल्या दोराचं वजन. असं एका खेपेला नाही, घरातली पिंपं भरेपर्यंत. पहाटे जातं ओढायचं, त्यातही खुंटा सतत आपल्याकडे खेचावा लागतो. दंडांच्या पुढचे, पाठीचे आणि खांद्याच्या पात्यांमधले स्नायू या कामांनी आयुष्यभर जागे राहत. त्या कष्टांचे गोडवे मी गाणार नाही. त्यांनी कितीतरी बायकांच्या कंबरा मोडल्या, ती कामं सुटली हे चांगलंच झालं. पण त्यांच्याबरोबर घरातलं ओढण्याचं कामच संपलं. आता आपण जे करतो ते सगळं पुढ्यात आणि खाली मान घालून. ओट्यावरचं चिरणं, कणीक मळणं, इस्त्री, मोबाइल. छाती आखडत जाते, पाठ ढिली पडते, खांदे पुढे येतात. गंमत अशी की घरी करायच्या व्यायामांच्या याद्यांमध्येही जोर, बैठका, पोटाचे व्यायाम असतात, ओढण्याचा व्यायाम क्वचितच.

तालमींना हे पक्कं ठाऊक होतं. मल्लखांबावर, दोरावर चढताना हातांनी स्वतःला वर ओढावंच लागतं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला पुन्हा ऊर्जितावस्था आणली, ती कुस्तीला पूरक व्यायाम म्हणून. नुसत्या जोर-बैठकांवर तुमचे आजोबाही थांबले नसणार. सूर्यनमस्काराबद्दलही हेच सांगते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांमध्ये तो रुजवला, १९३८ साली लंडनहून त्याच्यावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं. पाठीचा कणा पुढे-मागे वाकवणारा, श्वास वाढवणारा, सतरंजीएवढ्या जागेत मावणारा असा दुसरा व्यायाम मला माहीत नाही. रोज बारा घालाच. मात्र ओढणं त्यात नाही.

ते बादलीने करा. बादली अर्धी भरा, म्हणजे सातआठ किलो होतील. डावा हात स्टुलावर किंवा पलंगावर टेका, गुडघे किंचित वाकवा आणि कमरेतून पुढे झुका, पाठ सपाट ठेवून. उजव्या हाताने बादलीची कडी धरून कोपर मागे, कमरेच्या दिशेने न्या. बादली बरगड्यांपाशी आली की क्षणभर थांबा. उजव्या बाजूचं पातं मणक्याकडे सरकल्यासारखं वाटलं पाहिजे. नुसता दंडच भरून येत असेल तर कोपर बाहेर फाकतंय, ते अंगालगत आणा. मग बादली सावकाश खाली. पाणी हिंदकळलं तर समजा की हिसका बसला. दहाबारा वेळा झालं की बाजू बदला, आणि सोपं वाटायला लागलं की तांब्या-दोन तांबे पाणी वाढवा. असं थोडंथोडं वाढवायला जिममध्ये वजनाच्या चकत्या असतात, तुमच्याकडे तांब्या आहे.

तुमच्या वयात याला आणखी एक कारण आहे. पाळी थांबण्याच्या सुमारास हाडं झपाट्याने विरळ व्हायला लागतात, आणि भार पेलणारा व्यायाम तो वेग कमी करायला मदत करतो. त्याच्या जोडीला दोन्ही जेवणांत डाळ, उसळ, दही, चालत असेल तर अंडं, यांतलं काहीतरी भरपूर हवं. सगळ्यांचं वाढून झाल्यावर पातेल्याच्या तळाशी उरेल तेवढ्या वरणावर भागवू नका.

प्रश्न : झाडलोट, धुणीभांडी, बाजारहाट यात दिवस जातो. तोच व्यायाम नाही का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : काही प्रमाणात नक्कीच. याचा सर्वांत जुना आणि भक्कम पुरावा लंडनच्या दुमजली बसमधला आहे. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने १९५३ साली दाखवून दिलं, की दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा त्याच बसमध्ये जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. ते कोणत्याही व्यायामशाळेत जात नव्हते, तिकिटं फाडत होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलं ते असं : प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम जोमाची हालचाल करावी, आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. पूर्वी सलग दहा मिनिटं झाली तरच हालचाल धरायची, ती अट त्यांनी काढून टाकली. त्यामुळे दोन मिनिटं जिना चढलात तरी तो हिशेबात येतो. जोम मध्यम आहे का हे ओळखायचं साधं गमक म्हणजे बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. भांडी घासताना तुम्ही खुशाल गाऊ शकता, म्हणजे ते त्यात नाही. बसून, पुढे सरकत लादी पुसताना दम लागतो, ते आहे. भाजीच्या पिशव्या घेऊन तीन मजले चढणं तर उत्तमच. दहा हजार पावलांचा धसका घेऊ नका. तो आकडा १९६० च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना रूढ झाला, वैद्यकशास्त्रातून आला नाही. रात्रीच्या जेवणानंतर लगेच दहा-पंधरा मिनिटं चाललात तर रक्तातली साखर कमी चढते. घरात मधुमेह असेल त्यांनी एवढं तरी चुकवू नये.

प्रश्न : वय ७१, गुडघे कुरकुरतात, रक्तदाबाची गोळी चालू आहे. मी यातलं काय करू? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. छातीत दडपण, चक्कर किंवा चालताना नेहमीपेक्षा जास्त धाप लागत असेल तर काहीच सुरू करू नका, आधी तपासून घ्या. त्यांनी हरकत घेतली नाही तर उंच खुर्चीवरून उठबस करा, हवं तर खुर्चीवर दोन उशा ठेवून. गुडघ्यांना त्रास होतो तो खोल वाकण्याचा. उंचावरून उठण्याने मांड्या बळकट होतात आणि गुडघ्यावरचा भार हलका होतो. उठताना श्वास सोडा, कधीही कोंडून धरू नका, कारण त्याने रक्तदाब एकदम चढतो.

आणि तोल सांभाळायचा सराव आठवड्यातून तीन दिवस तरी करा. या वयात पडणं फार महागात जातं. ओट्यासमोर उभे राहा, दोन बोटं कडाप्प्यावर टेकवा आणि एक पाय जमिनीपासून वीतभर उचला. पाय अनवाणी हवेत आणि फरशी कोरडी. डगमगायला झालं तर पाय टेका, पुन्हा उचला. आठवडाभराने दोनाऐवजी एक बोट टेकवून पाहा. चहाला उकळी येईपर्यंत दोन्ही पायांचं होऊन जातं.