विक्रमी उष्मा आणि ग्रीष्मचर्येची मर्यादा

कुवैतमधील मित्रिबा येथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. जागतिक हवामान संघटनेने २०१९ मध्ये ही नोंद ग्राह्य धरली. कोकणातून आखाती देशांत कामासाठी जाणारे अनेक जण प्रस्थानापूर्वी आपल्याकडे सल्ल्यासाठी येतात. म्हणून या उष्म्याचा विचार आपणही करावयास हवा.

हवा त्वचेहून अधिक तप्त झाली की शरीर तिला उष्णता देऊ शकत नाही, उलट घेऊ लागते. मग स्वेदाचे बाष्पीभवन हाच एक मार्ग उरतो. वाळवंटातील कोरड्या हवेत स्वेद तत्काळ वाळतो, त्यामुळे किती उदकक्षय झाला हे लक्षात येत नाही. किनाऱ्यावर हवा दमट झाली की हा मार्गही खुंटतो.

चरक व वाग्भट यांनी ग्रीष्मात मधुर, शीत, द्रव आहार सांगितला. लवण, अम्ल, कटु रस व व्यायाम वर्ज्य सांगितले. दिवास्वापास अनुमती दिली. कुवैतमध्ये जून ते ऑगस्ट या काळात सकाळी ११ ते दुपारी ४ उघड्यावर काम करण्यास असलेली बंदी या विचाराशी सुसंगतच आहे. तथापि लवणवर्जनाचा उपदेश श्रमिकास जसाच्या तसा लागू करू नये, असे आम्हांस वाटते. हा उपदेश व्यायाम टाळणाऱ्यासाठी आहे. दिवसभर घाम गाळणारा केवळ पाणीच पीत राहिला तर रक्तातील सोडियम घटण्याचा धोका असतो. त्यास ओआरएस अथवा मीठ-साखरयुक्त पानक द्यावे.

औषधी विक्रेत्यांनी एक दक्षता घ्यावी. उशीरासव, चंदनासव यांत स्वयंजनित मद्यार्क असतो आणि कुवैतमध्ये मद्यास बंदी आहे. प्रवाशास ही औषधे सोबत देऊ नयेत.

शरीराचे तापमान ४० अंशांवर जाऊन असंबद्ध बडबड, आक्षेप वा मूर्च्छा दिसल्यास तो उष्माघात होय. अंगास घाम आहे म्हणून निदान टाळू नये. येथे पित्तशामक कल्पांची वा पॅरासिटामॉलची वाट पाहणे घातक ठरते. रुग्णास सावलीत आणून थंड पाण्याने भिजवावे, वारा घालावा, मान, काखा व जांघांत बर्फ ठेवावा आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपली असता मुखाने काहीही देऊ नये. प्रस्थान करणाऱ्या प्रत्येकास ही लक्षणे व हा क्रम आपण समजावून द्यावा; कारण तेथे सोबत्याचा जीव वाचविण्याची वेळ त्याच्यावरच येऊ शकते.