बुडालेली जहाजे आणि चांदीचे रुपये
(वरच्या इयत्तांच्या इतिहास व गणित विषयांसाठी पाठटिपण)

पाठाची सुरुवात

राणीछाप वा राजाछाप चांदीचा रुपया मुलांनी पुष्कळदा घरी पाहिलेला असतो. कोणाच्या देव्हाऱ्यात, कोणाच्या लक्ष्मीपूजनाच्या तबकात तो जपून ठेवलेला असतो. अशाच लक्षावधी रुपयांचा मुंबई बंदरातून निघालेला प्रवास समुद्राच्या तळाशी कसा संपला, ही हकीकत सांगून शिक्षकांनी पाठास आरंभ करावा. अंबरनाथ व बदलापूर भागातील मुलांना उल्हास नदी ठाऊक असते. ती पुढे वसईच्या खाडीतून समुद्रास मिळते, हे नकाशात दाखविल्यास समुद्र त्यांस परका वाटणार नाही.

नाण्याची ओळख

१८३५ पासून कंपनी सरकारने एकाच वजनाचा रुपया सुरू केला. त्याचे वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम असे. बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे. दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, तेव्हा १९४० मध्ये निम्म्या चांदीचा रुपया काढण्यात आला व जुने रुपये क्रमाने चलनातून काढून घेण्यात आले.

दोन जहाजे

‘सिटी ऑफ कैरो’ हे जहाज १ ऑक्टोबर १९४२ रोजी मुंबईहून निघाले. त्यावर उतारू होते, तसेच चांदीच्या रुपयांच्या सुमारे २,००० पेट्या होत्या. त्यांचे वजन सुमारे १०० टन होते. आफ्रिकेच्या दक्षिण टोकास वळसा घालून ते ब्राझीलकडे जात असता ६ नोव्हेंबर रोजी जर्मन पाणबुडीने त्यास बुडविले. शंभराहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्यांतील पुष्कळशी जहाज बुडताना नव्हे, तर उघड्या होड्यांतून दिवसेंदिवस तहानलेली भटकत असता मेली.

त्याच नोव्हेंबरच्या २० तारखेस ‘तिलावा’ हे जहाज मुंबईहून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे निघाले. जहाजावर ९५८ माणसे होती. २३ तारखेस जपानी पाणबुडीने ते बुडविले. २८० माणसे दगावली. वाचलेल्यांना ‘बर्मिंगहॅम’ या युद्धनौकेने मुंबईस परत आणले. या जहाजावर चांदीच्या २,३६४ विटा होत्या. दक्षिण आफ्रिकेच्या टांकसाळीत त्यांची नाणी पाडावयाची होती.

पुढे काय झाले

‘सिटी ऑफ कैरो’वरील रुपये एका शोधक कंपनीने ५,१५० मीटर खोलीवरून वर काढले व २०१५ मध्ये ती वार्ता जाहीर झाली. रुपये ब्रिटनमध्ये वितळवून विकण्यात आले. मिळालेली रक्कम तेथील सरकार व कंपनी यांच्यात वाटली गेली. ‘तिलावा’ची चांदी २०१७ मध्ये वर आली. तिच्या मालकीचा वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व २०२४ मध्ये निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला.

चांदीला धनी मिळाला. माणसांची आठवण मात्र हौशी अभ्यासकांनी व कुटुंबीयांनी जपली. ‘सिटी ऑफ कैरो’तून वाचलेल्यांच्या हकीकती राल्फ बार्कर या लेखकाने १९८४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. ‘तिलावा’च्या उतारूंच्या वंशजांनी नावे, पत्रे व छायाचित्रे जमविली आणि २०२२ मध्ये, घटनेस ८० वर्षे झाली तेव्हा, मुंबईत स्मरणसभा भरविली. रुपया वितळला म्हणजे त्यावरील साल, छाप व त्याचा प्रवास हे सर्व नाहीसे होते. मग उरते केवळ धातूचे मोल. हा मुद्दा मुलांच्या मनावर ठसविणे हे या पाठाचे मुख्य प्रयोजन होय.

वर्गातील काम

१. घरी जुना रुपया असल्यास मुलांनी तो शाळेत आणू नये. घरीच वडीलधाऱ्यांसमोर पाहून साल, छाप व वजन वहीत लिहावे. पंचम जॉर्जच्या रुपयाच्या मागील बाजूस तळाशी बारीक ठिपका असल्यास तो मुंबईच्या टांकसाळीचा समजावा.

२. काळे पडलेले नाणे चिंच वा राख लावून घासू नये. अक्षरे झिजली की पुरावा गेला.

३. आजी-आजोबांना विचारून रुपया घरात कोठून आला ते लिहून घ्यावे. उल्हासनगर ही महायुद्धकाळची लष्करी छावणी; फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. त्यांपैकी अनेक कुटुंबे कराचीहून जहाजाने मुंबईस आली होती. अशा घरच्या वृद्धांची हकीकत मिळाल्यास ती तारखेसह नोंदवावी.

४. शेतात वा विहीर खणताना जुनी नाणी सापडल्यास ती सोनाराकडे नेऊ नयेत. १८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे, हे मुलांच्या द्वारे पालकांपर्यंत पोहोचवावे.

स्वाध्याय

(अ) १०० टनांत ११.६६ ग्रॅमचे रुपये किती? (उत्तर: सुमारे ८५ लक्ष ७६ हजार.)
(आ) एका पेटीत सरासरी किती रुपये असतील? (उत्तर: सुमारे ४,२८८.)
(इ) समुद्रातून वर आलेली नाणी वितळवावीत की जशीच्या तशी ठेवावीत? कारणे द्या. या प्रश्नास एकच उत्तर नाही. शिक्षकांनी दोन्ही बाजू मुलांच्या तोंडून वदवून घ्याव्यात.