व्यवसाय : घर

माझ्या सेवानिवृत्तीपूर्वीचे ते अखेरचे वर्ष. जून महिना होता. चिखली तालुक्यातील आमच्या शाळेत मी प्रवेशअर्ज तपासत बसलो होतो. इतक्यात माझा एक जुना विद्यार्थी आपल्या कन्येला घेऊन आला. गणितात त्याचा हात धरणारा वर्गात कोणी नव्हता. पुढे तो पुण्यातील एका मोठ्या कंपनीत अधिकारी झाल्याचे मला ठाऊक होते.

मी विचारले, "काय रे, वडिलांचा व्यवसाय काय लिहू?"

"घर सांभाळतो, सर."

माझी लेखणी थबकली. बिचाऱ्याची नोकरी गेली असावी, असे मला वाटले. त्याने ते ओळखले.

"नोकरी गेली नाही, सर, मीच सोडली. वडिलांना अर्धांगवायू झाला. मुले लहान. पत्नी येथील रुग्णालयात परिचारिका आहे. एकाने घरी राहणे भाग होते. पुण्यातील माझे काम दुसरा कोणीही करील."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्याच्या घरी गेलो. नळाला पाणी येण्याचा दिवस असल्याने पहाटेच उठून त्याने सारी भांडी भरली होती. अंगणात गहू पसरला होता. दाण्यातील ओल गेली म्हणजे कीड सहसा लागत नाही, म्हणून वाळवूनच तो कोठीत भरायचा. अंगाला जखमा होऊ नयेत यासाठी दर दोन तासांनी वडिलांना कुशीवर वळवावे लागे. आम्ही बोलत असतानाच आभाळ भरून आले. तो धावला आणि पहिला थेंब पडण्यापूर्वी सारा गहू घरात आला.

"कंपनीतील काम सायंकाळी संपत असे," तो हसून म्हणाला, "हे केव्हा संपते ते अजून कळले नाही. आरंभी पोळ्या करपल्या, लोक हसले, मलाही लाज वाटली. आईने हेच जन्मभर केले. पण सर, माझ्या प्रवेशअर्जावर तिच्या व्यवसायापुढे तुम्ही नुसती रेघ ओढली होती."

मी निरुत्तर झालो. ती माउली आता हयात नव्हती. अशा किती रेघा मी ओढल्या असतील!

मुलांनो, २०२४ साली केंद्र सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. त्या पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर पुरुष ८८ मिनिटे देतात, असे आढळले. या कामाला वेतन नाही. म्हणून ते काम नव्हे काय? अपघातात गृहिणीचा मृत्यू झाल्यास भरपाई ठरविताना तिच्या घरकामाचेही मोल धरले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मधील एका निकालात स्पष्ट केले आहे.

शाळेत परतल्यावर मी त्या मुलीचा अर्ज पुन्हा काढला. वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात 'गृहव्यवस्था' असे स्वच्छ अक्षरांत लिहिले. त्यानंतर जितके अर्ज माझ्या हाती आले, त्यांतील एकाही आईच्या नावापुढे मी रेघ ओढली नाही.

स्वाध्याय

१. लेखकाची लेखणी का थबकली?
२. 'मी निरुत्तर झालो,' असे लेखक का म्हणतो?
३. तुमच्या घरी एका दिवसात कोणकोणती कामे होतात व ती कोण करते, याची यादी करा. त्यांपैकी कोणते काम तुम्ही उद्यापासून कराल?