बदनाम इंजिनाची गाडी घ्यावी का?

प्रश्न: आम्ही घरात पाच जण आहोत. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. वापरलेली एसयूव्ही घ्यायची आहे. दोन गाड्या बघून ठेवल्या आहेत. एक २०२१ ची डिझेल हॅरियर, ५८ हजार किलोमीटर चाललेली. दुसरी २०१४ ची पेट्रोल इकोस्पोर्ट, एक लिटरच्या इकोबूस्ट इंजिनाची, खूपच स्वस्तात मिळतेय. पहिलीबद्दल सगळे म्हणतात, ‘डीपीएफचा त्रास आहे, घेऊ नका.’ दुसरीबद्दल म्हणतात, ‘बेल्ट गेला की इंजिन गेलं.’ रोजचं जाणं-येणं कोथरूड ते शिवाजीनगर आणि मुलांची शाळा. वर्षातून तीन-चार वेळा चिपळूणला. टेक्ससमध्ये राहणारा माझा भाऊही २०१४ ची किया सोरेंटो घेतोय आणि तिच्या इंजिनाबद्दलही असंच काहीबाही ऐकतोय. इंजिनाचा दोष आधीच माहीत असताना गाडी घेणं शहाणपणाचं आहे का?
– एक वाचक भगिनी, पुणे

उत्तर: ताई, तिन्ही गाड्यांबद्दल तुम्ही ऐकलंत ते निराधार नाही. मात्र तिन्ही इंजिनांचं दुखणं एका जातीचं नाही. पहिल्या गाडीचा त्रास ती कशी चालवली जाते यावर ठरतो, दुसरीचा तिची देखभाल कशी झाली यावर आणि तिसरीचा मूळ कारखान्यातल्या चुकीवर. म्हणून तीन गाड्यांना तीन वेगळे प्रश्न विचारायला हवेत. दोष माहीत आहे एवढ्यावरून गाडी नाकारायची गरज नाही. माहीत असलेल्या दोषाचं कारण ठाऊक असतं, लक्षणं तपासता येतात आणि दुरुस्तीचा खर्च आधी विचारून घेता येतो. कधी चर्चेतच न आलेल्या दोषाबाबत यातलं काहीच हातात नसतं.

चालवण्यावर ठरणारा दोष

हॅरियरचं दोन लिटरचं डिझेल इंजिन मूळ फियाटच्या मल्टिजेट घराण्यातलं. ते तुमच्या पुण्याजवळच, रांजणगावच्या कारखान्यात तयार होतं. जीप कंपास आणि एमजी हेक्टरच्या डिझेल गाड्यांतही हेच इंजिन आहे. ज्या डीपीएफबद्दल तुम्ही ऐकलंत, तो इंजिनाचा भाग नव्हे. धुराच्या वाटेवर बसवलेली ती काजळीची गाळणी आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम लागू झाले. डिझेल मोटारीच्या धुरातल्या काजळीची मर्यादा त्याआधी किलोमीटरला २५ मिलिग्रॅम होती, ती साडेचार मिलिग्रॅमवर आली. एवढी कडक मर्यादा गाळणीशिवाय पाळणं अवघड, म्हणून त्यानंतरच्या डिझेल एसयूव्हींमध्ये ही गाळणी आली. दोष एकट्या हॅरियरचा नाही.

गाळणीत काजळी साठते आणि ठरावीक पातळीला पोचली की गाडी ती स्वतःच जाळून टाकते. याला रिजनरेशन म्हणतात. त्यासाठी गाळणी सुमारे ६०० अंश सेल्सियसपर्यंत तापावी लागते. इंजिन थोडं जास्तीचं डिझेल उशिरा सोडून ही उष्णता निर्माण करतं. हमरस्त्यावर एका लयीत पंधरा-वीस मिनिटं गाडी चालली की काम पूर्ण होतं. कोथरूडहून निघून नळस्टॉपच्या सिग्नलला थांबत थांबत शिवाजीनगरला पोचलात आणि इंजिन बंद केलंत, तर ते अर्धवट राहतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, पिकअप जातो आणि गाडी वर्कशॉपला न्यावी लागते.

यात अजून एक नुकसान आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक वेळी न जळलेलं थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली झिरपतं आणि इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल पातळ होतं. टर्बो आणि बेअरिंगं याच ऑइलवर जगतात. म्हणून हॅरियर बघायला जाल तेव्हा डिपस्टिक नक्की काढा. ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर ही गाडी आजवर फक्त शहरात रखडली आहे असं समजा.

तपासणीला जाणकार मेकॅनिक आणि स्कॅनर सोबत हवाच. गाळणीत काजळी किती साठली आहे आणि शेवटचं रिजनरेशन किती किलोमीटरपूर्वी झालं, हे बहुतेक चांगल्या स्कॅनरवर दिसतं. सायलेन्सरच्या नळीत आतून पांढरं फडकं फिरवून पाहा. गाळणी धडधाकट असेल तर फडकं जवळपास स्वच्छ निघतं. ते काळंकुट्ट निघालं, तर गाळणी फुटली आहे किंवा कुणीतरी काढून टाकली आहे. ‘डीपीएफ काढून देतो, कटकट संपेल’ असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. ते बेकायदा आहे, आणि ती काजळी आपल्याच मुलांच्या श्वासात जाते. या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे. तो बदलण्याची मुदत कधी येते, हे त्याच वेळी विचारून घ्या.

इथे विचारायचा प्रश्न असा: माझं रोजचं चालवणं या इंजिनाला मानवेल का? सोलापूर-पुणे असा आठवड्याला प्रवास करणाऱ्याला मी हीच गाडी आनंदाने घ्या म्हणेन.

देखभालीवर ठरणारा दोष

इकोस्पोर्टचं इकोबूस्ट इंजिन ९९९ सीसीचं, तीन सिलिंडरचं, टर्बो असलेलं. २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं त्याला ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ हा सन्मान मिळाला. लहान इंजिनातून मोठी ताकद काढणारी ती खरोखर सुंदर रचना होती. मात्र पुरस्कार नव्या इंजिनाची बुद्धिमत्ता मोजतो; बारा वर्षांनी त्यातल्या रबराचं काय होईल, हे तो सांगू शकत नाही.

या इंजिनाचा टायमिंग बेल्ट इंजिन ऑइलमध्ये भिजत फिरतो. घर्षण कमी व्हावं आणि आवाज घटावा यासाठी तशी योजना होती. त्यासाठी ऑइल अगदी कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं आणि वेळच्या वेळी बदललेलं असावं लागतं. चुकीचं ऑइल टाकलं, किंवा ‘गाडी फारशी चालत नाही’ म्हणून दोन-दोन वर्षं बदललंच नाही, तर रबर मऊ पडतं आणि त्याचे कण सुटतात. हे कण खाली ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. ऑइलचा दाब घसरतो आणि बेल्ट तुटण्याआधीच इंजिन कोरडं पडून जाम होऊ शकतं.

हा धोका अधिकृतपणेही नोंदवला गेला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत फोर्डने २०१८ ते २०२२ च्या इकोस्पोर्ट आणि काही फोकस गाड्या परत बोलावल्या. एक लिटरच्या इंजिनाच्या अशा १ लाख ३९ हजारांवर गाड्या होत्या. तिथे प्रश्न ऑइल पंप फिरवणाऱ्या, ऑइलमध्येच चालणाऱ्या बेल्टच्या टेन्शनरचा होता. त्या अमेरिकी इकोस्पोर्ट चेन्नईजवळच्या मराईमलाई नगरच्या कारखान्यातून गेलेल्या होत्या. तिथला प्रश्न टायमिंग बेल्टचा नव्हता, पण ऑइलमधल्या रबराची मूळ काळजी तीच.

म्हणून या गाडीच्या मालकाला एवढंच म्हणा: ऑइल बदलल्याची सगळी बिलं दाखवा. बिलावर तारीख, किलोमीटर आणि ऑइलचा ग्रेड हवा. ‘बाहेर आमच्या ओळखीच्या मेकॅनिककडे करत होतो, बिलं ठेवली नाहीत’ हे उत्तर इतर एखाद्या इंजिनासाठी चालून जाईल, या इंजिनासाठी नाही. बेल्ट बदलला असेल, तर त्याचं बिल ही सर्वांत मोलाची चीज. बदलला नसेल, तर बारा वर्षांचा बेल्ट बदलायचाच आहे असं धरून चाला. तो काढायला इंजिनाचा पुढचा भाग उघडावा लागतो, खास अवजारं लागतात आणि हे काम केलेला माणूस लागतो. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. तेव्हा आपल्या भागात हे काम कोण करतो, सुटे भाग किती दिवसांत येतात, याची चौकशी सौदा होण्याआधी करा. गाडी २०१४ ची असल्याने नोंदणीची पंधरा वर्षं २०२९ मध्ये संपतील, हेही हिशेबात घ्या.

कारखान्यातून आलेला दोष

तुमच्या भावाच्या सोरेंटोची गोष्ट निराळी आहे. तिच्या २.४ लिटरच्या थीटा-२ इंजिनांपैकी अनेकांत क्रँकशाफ्ट घडवतानाचे धातूचे बारीक कण ऑइलच्या वाटांमध्ये राहून गेले होते. ते कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगपर्यंत ऑइल पोचू देत नाहीत. बेअरिंग झिजतं, ठकठक आवाज येतो आणि इंजिन रस्त्यावरच बंद पडू शकतं. सप्टेंबर २०१५ मध्ये हेच इंजिन असलेल्या ह्युंदाई सोनाटापासून रिकॉल सुरू झाला. २०१७ मध्ये तो सँटा फे स्पोर्ट, सोरेंटो, स्पोर्टेज अशा सुमारे १२ लाख गाड्यांपर्यंत वाढला, आणि त्यात २०१४ ची सोरेंटोही होती.

इथे आधीच्या मालकाने देवासारखी सेवा केली असली तरी दोष मुळातूनच आलेला असू शकतो. प्रश्न एकच उरतो: कंपनीने हा दोष दुरुस्त केला का? भावाला सांगा, अमेरिकी वाहतूक सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा सतरा अंकी-अक्षरी क्रमांक टाकून बाकी राहिलेला रिकॉल आहे का ते बघ. मग त्याच क्रमांकावरून डीलरकडे विचार, की इंजिन तपासलं की बदललं, आणि बेअरिंगचा आवाज ओळखणारं सॉफ्टवेअर चढवलं का. न्यायालयातल्या तडजोडीनंतर अनेक गाड्यांना इंजिनाच्या या भागापुरती आजीवन वॉरंटी मिळाली, पण ते सॉफ्टवेअर चढवलेलं असण्याला तिथे महत्त्व आहे. आपली गाडी त्यात बसते का, हे डीलरकडून लेखी घ्यावं. नवं इंजिन बसलेली आणि कागद पूर्ण असलेली सोरेंटो ही नावाने बदनाम, पण प्रत्यक्षात चांगली खरेदी ठरू शकते.

भारतातही असं घडतं. महिंद्राने २०२१ च्या सुरुवातीला १,५७७ डिझेल थार कॅमशाफ्टच्या तपासणीसाठी परत बोलावल्या. त्या सगळ्या ७ सप्टेंबर ते २५ डिसेंबर २०२० या काळात बनलेल्या होत्या. आरसी बुकावर उत्पादनाचा महिना लिहिलेला असतो, तो वाचायची सवय लावा. आपल्याकडे कंपन्यांनी स्वेच्छेने केलेल्या रिकॉलची यादी सियाम या उत्पादकांच्या संघटनेच्या संकेतस्थळावर मिळते, आणि चासी नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीचा इतिहास विचारता येतो.

कोणत्याही गाडीला लागू पडणाऱ्या गोष्टी

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना बघा. मालकाने ‘तुम्ही येणार म्हणून आधीच गरम करून ठेवली’ म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. थंड इंजिन सुरू होतानाच आवाज आणि धूर खरं बोलतात. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट आत जात असण्याची शंका घ्या. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण सैल करा; आतून जोरात भपकारा येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. चाचणीला घरातले सगळे बसवा, एसी लावा आणि चांदणी चौकाकडचा चढ घ्या. तीन सिलिंडरच्या टर्बोचं आणि तुमच्या कुटुंबाचं जमतं का, ते तिथे कळेल.

मग पैशाचा हिशेब. माहीत असलेल्या दोषाच्या दुरुस्तीचं एस्टिमेट अधिकृत वर्कशॉपकडून लेखी घ्या. ते गाडीच्या किमतीत मिळवा आणि मग गाडी स्वस्त आहे का ते बघा. दुरुस्ती आत्ताच अटळ असेल, तर तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागा. नुसती शक्यता असेल, तर तेवढे पैसे बाजूला काढून ठेवता येतात का, हे स्वतःला विचारा. पैसे सुटत नसतील, तर ती गाडी आपल्यासाठी नाही.

आता तुमच्यापुरतं स्पष्ट सांगतो. रोजचे सहा-सात किलोमीटर आणि वर्षाला तीन-चार चिपळूण फेऱ्या, एवढ्यावर बीएस-६ डिझेल घेऊ नका. हॅरियर उत्तम स्थितीत असली तरी तुमच्या घरी येऊन ती आजारी पडेल. बेल्ट बदलल्याचं बिल आणि ऑइलची सलग नोंद नसेल, तर इकोस्पोर्टही सोडा, कितीही स्वस्त असली तरी. तुमच्या चालवण्याला टर्बो नसलेलं साधं पेट्रोल इंजिन शोभतं. २०२० नंतरच्या क्रेटाच्या दीड लिटर पेट्रोलसारखं. ते घाटात जरा मागे पडेल, शहरात थोडं जास्त पेट्रोल पिईल. पण रोज शाळेच्या दारात इंजिन बंद केल्याने त्याचं काही बिघडणार नाही, आणि सासूबाईंना घेऊन कुंभार्ली घाट उतरताना तुमचं लक्ष डॅशबोर्डवरच्या दिव्याकडे नाही, रस्त्याकडे राहील. बजेटसाठी दोन महिने थांबावं लागलं तरी थांबा.