आधी बाळाचा हात, मग कोर्टाची पायरी

मी ग्राहक आयोगापुढे डॉक्टरांविरुद्धचे दावे चालवते. त्यात बाळंतपणातल्या इजेच्या फायली वरचेवर येतात. बाळाचे डोके बाहेर येते, खांदा आईच्या ओटीपोटाच्या हाडामागे अडकतो, ओढाताणीत मान ताणली जाते आणि मानेतून हाताकडे जाणाऱ्या शिरा (मज्जातंतू) दुखावतात. मग हात खांद्यापासून लोंबतो, आत वळलेला, तळवा मागे. वरच्या शिरांच्या या इजेला डॉक्टर ‘अर्ब्ज पाल्सी’ म्हणतात. या फायलींनी मला शिकवले ते असे.

१. दावा दाखल करायला कायदा दोन वर्षे देतो. शीर एवढा वेळ देत नाही. बऱ्याच बाळांचा हात पहिल्या काही महिन्यांत आपोआप सुधारतो आणि घात होतो तो त्यामुळेच. ‘होईल हळूहळू’ म्हणत उरलेल्या बाळांचेही दिवस जातात. तीन महिन्यांचे बाळ कोपर वाकवून हात तोंडाकडे नेत नसेल, तर शिरांची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला दाखवायलाच हवे. शीर दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. ती पोचेपर्यंत स्नायू सुकत जातो. म्हणून तान्हे बाळ घेऊन कोणी आले की मी वकीलपत्र बाजूला ठेवते आणि फिजिओथेरपीचा कागद मागते.

२. लुळ्या हातावर मालीशवालीचे प्रयोग नकोत. आधी एक्स-रे काढा, कॉलरबोनही मोडलेले असू शकते. व्यायाम शिकायला जिल्हा रुग्णालयातले शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे.

३. इजा झाली म्हणजे हलगर्जीपणा झालाच, असे नसते. हे ऐकून पक्षकार नाराज होतात, पण सांगावेच लागते. खांदा अडकेल हे बहुतेक वेळा आधी कळत नाही. बाळ चार किलोच्या आतले असले तरी तो अडकतो, आणि क्वचित सिझरमध्येही ही इजा झालेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू प्रकरणात कसोटी घालून दिली: त्या जागी साधारण कुशल डॉक्टर जसा वागला असता, तसा हा वागला का? तेव्हा माझे प्रश्न ठरलेले. आईला मधुमेह होता का? आधीचे बाळ मोठे होते का? खांदा अडकल्यावर मांड्या पोटाकडे दुमडल्या का, ओटीपोटावर दाब दिला का, की नुसते ओढले? ‘वरून पोट दाबलं हो, दोघींनी मिळून,’ असे एखादी आई सांगते तेव्हा माझे पेन थांबते. खांदा अडकलेला असताना ओटीपोटाऐवजी वरून पोट दाबले की तो आणखी घट्ट बसतो.

४. सगळी केस कागदावर उभी राहते. लेखी अर्ज केल्यावर ७२ तासांत कागदपत्रे द्यावीत असा डॉक्टरांसाठीचा नियम आहे, आणि ती तीन वर्षे जपायची असतात. अर्जाची पोच घ्या. तोंडी मागणीला पुढे कोणी विचारत नाही. डोके कधी आले, पूर्ण बाळ कधी आले, वजन किती, व्हॅक्यूम लावला का, साखरेचा रिपोर्ट कुठे आहे, हे शोधा. एका फायलीत आख्खे बाळंतपण एका ओळीत उरकले होते: नॉर्मल डिलिव्हरी, बाळ चांगले रडले. बालरोगतज्ज्ञाचा कागद मात्र वेगळ्या फोल्डरमध्ये राहिला होता. त्यावर पहिल्याच दिवशीची नोंद होती, ‘उजवा हात हलत नाही.’ त्या दोन कागदांनी जे काम केले ते माझ्या युक्तिवादाने केले नसते.

५. माझ्या मते या विषयातला सर्वांत महत्त्वाचा निकाल स्कॉटलंडमधला आहे, माँटगोमेरी प्रकरणाचा. बाई मधुमेही, चणीने लहान. अशा आईच्या बाळाचा खांदा अडकण्याची शक्यता नऊ-दहा टक्के असते. डॉक्टरांनी ते सांगितले नाही, कारण सांगितले तर बायका सिझर मागतील. खांदा अडकला, मुलाला सेरेब्रल पाल्सी झाली आणि हातही अधू झाला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली म्हटले, धोका सांगायलाच हवा होता. भरपाई साडेबावन्न लाख पौंड. आपल्या न्यायालयांवर तो निकाल बंधनकारक नाही. तरीही मधुमेही गरोदर बाईने नवव्या महिन्यात डॉक्टरांना हा प्रश्न जरूर विचारावा.

६. पैसे देऊन उपचार घेतले असतील तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या शांता निकालापासून ग्राहक कायदा लागू होतो. सगळ्यांनाच मोफत उपचार देणाऱ्या रुग्णालयाविरुद्ध दिवाणी न्यायालयात जावे लागते. बाळ आणि आईवडील, दोघांनाही भरपाई मागता येते. वकील सक्तीचा नाही (हे वकिलानेच सांगितलेले बरे). दवाखान्याच्या काचा फोडू नका. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने तो अजामीनपात्र गुन्हा आहे, मग आरोपी तुम्हीच होता.

७. शेवटची विनंती डॉक्टरांना. खांदा अडकला तर वेळेसकट नोंद त्याच दिवशी लिहा, आणि खोलीत जाऊन आईवडिलांना काय झाले ते स्वतः सांगा. माझ्या दारात येणाऱ्यांचे पहिले वाक्य बहुधा पैशाबद्दल नसते. ते असते, ‘आम्हाला कोणी काही सांगितलंच नाही.’