मोबाईलवरून तूरडाळीची विक्री : फळ कसे मोजावे

यवतमाळ जिल्ह्यातील बहुतेक शेती कोरडवाहू असून कापूस, सोयाबीन व तूर ही तेथील मुख्य पिके होत. तूर डिसेंबर-जानेवारीत घरात येते आणि देणी फेडण्याच्या निकडीमुळे पुष्कळदा लगेच बाजारात जाते. तिची डाळ करून व्हॉट्सॲप व फेसबुकवरून ती थेट शहरातील कुटुंबांस विकणे, हा दुसरा मार्ग आता शेतकऱ्यांस खुला आहे. परंतु या मार्गात एक चूक सहज घडते. डाळीचे छायाचित्र टाकले, दोनशे जणांनी पसंतीची खूण केली, की माल खपला असे वाटू लागते. उगवण पाहून उत्पन्न ठरविण्यासारखेच हे आहे. उत्पन्न खळ्यावरच मोजावे लागते.

नोंद कशी ठेवावी

यासाठी एक साधी वही पुरेशी आहे. तीत दर आठवड्यास चार आकडे लिहावेत : पाहणारे किती, विचारणारे किती, घेणारे किती आणि पुन्हा घेणारे किती. प्रत्येक गिऱ्हाइकास “आमची माहिती आपणांस कोठून मिळाली?” असे विचारून तेही टिपावे. यावरून दोष कोठे आहे ते कळते.

१. पाहणारे पुष्कळ पण विचारणारे थोडे असल्यास मजकूर अपुरा आहे.
२. विचारणारे पुष्कळ पण घेणारे थोडे असल्यास भाव, टपालखर्च किंवा उत्तरास होणारा विलंब तपासावा.
३. एकदा घेणारे पुन्हा येत नसल्यास माल तपासावा. डाळीत खडे आहेत काय, ती नीट शिजते काय, हे पाहावे.

सुधारणा करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. नाहीतर कोणत्या बदलाचा गुण आला ते समजत नाही.

मजकूर कसा असावा

तुरीचा वाण, गाव, डाळ भरडल्याची तारीख, पॉलिश केली आहे की नाही, भाव व पोहोचविण्याचा खर्च, एवढे स्पष्ट लिहावे. पेरणी, फुलोरा व मळणी यांची छायाचित्रे त्या त्या वेळी दिल्यास विश्वास वाढतो. प्रमाणपत्र नसताना माल ‘सेंद्रिय’ म्हणू नये. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी करून तिचा क्रमांक पाकिटावर छापावा. व्हॉट्सॲपच्या ‘ब्रॉडकास्ट’ यादीतून पाठविलेला संदेश, ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे त्यांनाच मिळतो. म्हणून पहिल्या विक्रीच्या वेळीच गिऱ्हाइकास तशी विनंती करावी.

हिशेबाचे उदाहरण

समजा, एक क्विंटल तुरीस बाजारात ७,००० रुपये मिळतात. तिची ७० किलो डाळ १४० रुपये किलोने विकल्यास ९,८०० रुपये येतात. त्यातून भरडाई ६००, पाकिटे ४२०, वाहतूक ५६० व जाहिरात ५००, असे २,०८० रुपये वजा जाता ७,७२० रुपये उरतात. म्हणजे बाजारापेक्षा ७२० रुपये अधिक मिळाले. परंतु यासाठी घरच्या माणसांचे २४ तास गेले असतील, तर तासास ३० रुपयेच पडले.

पुढील वर्षी तीच गिऱ्हाइके पुन्हा आली, तर जाहिरातीचा खर्च वाचतो व वेळही कमी लागतो. १२ तासांत काम झाल्यास जादा प्राप्ती १,२२० रुपये, म्हणजे तासास सुमारे १०० रुपये होते. यास्तव चार आकड्यांपैकी पुन्हा येणाऱ्या गिऱ्हाइकाचा आकडा सर्वांत महत्त्वाचा मानावा.

कार्यकर्त्यांचे काम

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगाम संपताच शेतकऱ्यासोबत बसून ही वही तपासावी आणि वरील आकड्यांच्या जागी त्याचे स्वतःचे आकडे घालून हिशेब करून दाखवावा. तासाची प्राप्ती गावच्या मजुरीपेक्षा कमी पडत असेल व पुन्हा येणारी गिऱ्हाइके वाढत नसतील, तर सर्व तूर डाळीसाठी अडकवून ठेवू नये. थोडी डाळ करून अनुभव घ्यावा व बाकीची तूर बाजारात विकावी. कर्जाचा हप्ता पसंतीच्या खुणांनी फिटत नाही; तो हाती आलेल्या रुपयांनीच फिटतो.